भाड्याचं घर, स्लायडिंगच्या खिडक्या: लॉक मागवण्याआधी शटर उचलून बघा

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात सिंहगड रस्त्याला पहिल्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे, खाली पार्किंग. बेडरूम आणि हॉलच्या तीन खिडक्या आणि बाल्कनीचं दार, सगळं ॲल्युमिनियमचं स्लायडिंग, ग्रिल कशालाच नाही. यजमानांची रात्रपाळी, घरात साडेतीन वर्षांची मुलगी. शेजारच्या बिल्डिंगमध्ये चोरी झाल्यापासून रात्री झोप लागत नाही. मालकांचं म्हणणं, भिंतीला एकही भोक पाडायचं नाही. तर ऑनलाइन मिळतं त्यातलं कुठलं लॉक चांगलं?

ताई, मी बावीस वर्षं पुण्यात स्लायडिंगची कामं करतोय. नवीन खिडक्या बसवतो, जुन्या दुरुस्त करतो, आणि चोरी झाल्यावर मोडलेल्या खिडक्या नीट करायलाही जातो. त्या अनुभवावरून सांगतो, आजच लॉक मागवू नका. स्लायडिंगची खिडकी दोन दिशांनी हलते, आडवी आणि वर. बाजारातलं बहुतेक लॉक आडवं सरकणं अडवतं आणि तेही एकाच शटरचं, म्हणजे एकाच सरकत्या काचेच्या पानाचं. म्हणजे लॉक लावूनही बाकीच्या वाटा मोकळ्या राहतात आणि आपण मात्र निर्धास्त झोपतो. तुमच्या घरात कुठली वाट मोकळी आहे ते आधी शोधू. त्याला एक रुपयाही लागत नाही.

आज रात्रीच करून बघा. खिडकी पूर्ण बंद करा, लॉक लावा. दोन्ही तळवे शटरच्या काचेवर दाबून धरा आणि शटर सरळ वर उचला. थोडं हलणारच, कारण वरच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे शटर ज्या खोबणीत सरकतं तिच्यात, जागा ठेवल्याशिवाय शटर बसवताच येत नाही. आधी वर घालायचं, मग खाली ट्रॅकच्या रुळावर टेकवायचं, असंच ते बसतं. प्रश्न किती हलतं याचा आहे. एक सूत, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर हललं तर काळजी नाही. पण खालचं बेअरिंग, म्हणजे शटरचं चाक, रुळाच्या वर निघतंय असं वाटलं, खालची कड आत-बाहेर डुलायला लागली, तर ते शटर बाहेरूनही तसंच उचलून काढता येतं. लॉक लावलेलं असतानाही बऱ्याचदा निघतं, कारण साध्या लॉकची जीभ चौकटीच्या खाचेत नुसती अडकलेली असते, शटर वर गेलं की ती सुटते. जुन्या बिल्डिंगमधल्या पाऊण इंची हलक्या सेक्शनमध्ये (चौकटीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये) हे फार दिसतं. बेअरिंग झिजून शटर खाली बसतं, तितकी वरची जागा वाढते.

यावरचा इलाज साधा आहे. शटर उघडं सरकवा म्हणजे ते बंद असताना जिथे असतं तिथला वरचा ट्रॅक मोकळा दिसेल. त्या ट्रॅकच्या छताला आतून पीव्हीसीची किंवा ॲक्रिलिकची पट्टी दुहेरी टेपने चिकटवा. जाडी इतकी, की शटर खालून सरकताना घासणार नाही आणि उचललं तर लगेच पट्टीला लागेल. खिडकी बंद केली की शटर पट्टीखाली जातं आणि वर उचलायची सोय संपते. साफसफाईसाठी शटर काढायचं झालं तर पट्टी नसलेल्या भागात सरकवून नेहमीसारखं काढता येतं. भोक नाही, स्क्रू नाही. घर सोडताना ओढली की पट्टी निघते, टेपचा डाग थिनरने पुसला जातो. टेप मात्र चांगली घ्या आणि चिकटवण्याआधी ट्रॅक कोरडा पुसा. धुळीवर चिकटवलेली पट्टी महिन्याभरात खाली येते.

काही शटरच्या खालच्या कडेला बेअरिंगचा स्क्रू असतो. तो फिरवून शटर वर-खाली करता येतं. तुमच्याकडे असेल तर आधी शटर त्याने योग्य उंचीवर आणा, मग पट्टीची जाडी ठरवा. उलट केलंत तर पट्टी दोनदा कापावी लागेल.

आता आडवं सरकणं. इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात, म्हणून जरा वेळ घेऊन सांगतो.

ट्रॅकमध्ये दांडा टाकायचा हा उपाय तुम्हाला कुणीही सांगेल आणि तो चांगलाच आहे. पण आपल्याकडच्या खिडकीत दोन्ही शटर सरकतात. समजा खोलीत उभं राहून बघताना उजवीकडचं शटर खोलीच्या बाजूच्या ट्रॅकवर आहे आणि डावीकडचं बाहेरच्या ट्रॅकवर. आतल्या ट्रॅकची डावी बाजू मोकळी, तिथे तुम्ही दांडा टाकला. उजवं शटर डावीकडे येणार नाही, छान. पण डावं शटर? ते बाहेरच्या ट्रॅकवरून खुशाल उजवीकडे सरकतं. तुमच्या दांड्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. आणि त्याला अडवायला दांडा टाकायचा तर बाहेरच्या ट्रॅकची मोकळी बाजू काचेच्या पलीकडे, चोराच्या हाताशी. घरी दांडा टाकून निश्चिंत झालेल्या कितीतरी लोकांना मी बाहेरचं शटर एका बोटाने सरकवून दाखवलं आहे. त्यांचा चेहरा बघवत नाही.

म्हणून बाहेरच्या शटरचं स्वतःचं लॉक नीट चालणं ही पहिली गरज. ते शटरच्या उभ्या पट्टीत, चौकटीच्या बाजूला असतं आणि आतून हाताला येतं. बहुतेक घरांत ते वर्षानुवर्षं कुणी लावलेलंच नसतं, कारण रोज आतलंच शटर उघडतात. लावून बघा. जीभ पूर्ण बाहेर येते का, समोरच्या खाचेत बसते का, आणि बसल्यावर शटर हलवलं तर सुटते का? स्प्रिंग गेली असेल तर नवीन लॉक त्याच खाचेत, त्याच स्क्रूंवर बसतं. जुनं लॉक काढून दुकानात घेऊन जा, फोटो नेऊ नका. दिसायला सारखी दोन लॉकं लांबीत चार मिलिमीटरने वेगळी निघतात. जुनी लॉकं टाकून देऊ नका, पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. घर सोडताना मालकांनी विचारलं तर परत बसवता येतील.

लॉक नीट झालं की माझा सल्ला असा, की बाहेरचं शटर सहसा उघडूच नका. रोजच्या हवेला आतलं शटर पुरतं. बाहेरचं कायम लॉकमध्ये, आतल्याला लॉक आणि शिवाय दांडा.

दोन्ही शटर एकदम बांधणारा आणखी एक उपाय आहे. मध्ये जिथे ती एकमेकांवर येतात तिथे चंद्रकोरीसारखं फिरणारं लॉक बसवायचं. ते दोघांना एकत्र पकडतं, मग कुणालाच सरकता येत नाही. पण त्याला शटरच्या पट्टीत भोकं पाडावी लागतात, म्हणजे मालकांची परवानगी आली. आणि हे काम स्वतः ड्रिल घेऊन करू नका, हात जोडून सांगतो. काच पट्टीच्या आत खोबणीत गेलेली असते, बाहेरून ती कुठे संपते ते दिसत नाही. वारज्याला एका गृहस्थांनी बाल्कनीच्या दाराला घरीच भोक पाडायला घेतलं. ड्रिलचं टोक काचेच्या कडेला लागलं. काच टफन्ड होती, त्यामुळे आख्खं दार एका क्षणात खडीसारखं खाली आलं. कुणाला लागलं नाही, पण भाड्याच्या घरातली काच त्यांना स्वतःच्या खिशातून भरावी लागली.

चिकटवायचे स्टॉपर मिळतात तेही सांगतो, कारण तुमच्या मनात बहुधा तेच आहेत. लहान मूल खिडकी उघडू नये म्हणून ते उत्तम. बाहेरून दोन्ही हातांनी जोर लावणाऱ्या माणसापुढे चिकटपट्टी टिकेल असं मी म्हणणार नाही. मुलीसाठी जरूर लावा, चोरासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

दांड्याबद्दल दोन गोष्टी. लाकडाचा नको. पावसाळ्यात ट्रॅकमध्ये पाणी येतं, लाकूड फुगतं, आणि जुलैत तो दांडा असा जाम बसतो की पक्कड घेऊन ओढावा लागतो. ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप किंवा जाड पीव्हीसी पाइप घ्या. फॅब्रिकेशनच्या दुकानात उरलेले तुकडे पडलेलेच असतात, कापून देतात. माप खाली ट्रॅकमध्येच घ्या, मध्यावर नाही, कारण चौकट कधीकधी तिरकी असते. मिळालेल्या मापातून २-३ मिलिमीटर कमी करा. फार सैल झाला तर बाहेरून फटीतून तार घालून उडवता येतो, फार घट्ट झाला तर तुम्हालाच निघणार नाही. ट्रॅकच्या तळाला पाणी बाहेर जायला छोटी भोकं असतात, ती दांड्याने किंवा टेपने बंद करू नका. नाहीतर पहिल्याच जोराच्या पावसात पाणी हॉलमध्ये येईल.

तीन ट्रॅकची खिडकी असेल तर जाळीचं शटर कुठे आहे ते बघा. काही ठिकाणी ते सगळ्यात आत, काही ठिकाणी सगळ्यात बाहेर असतं. दांडा काचेच्या शटरच्या ट्रॅकमध्ये हवा. जाळी अडवून उपयोग नाही, ती ब्लेडने कापली जाते.

इथवरचं एकदा जुळवून घ्या. प्रत्येक काचेच्या शटरला वर पट्टी, बाहेरच्या शटरचं लॉक दुरुस्त करून कायम लावलेलं, आतल्या शटरला लॉक अधिक दांडा. बाल्कनीच्या दारालाही हेच, फक्त दांडा जाड.

उन्हाळ्यात खिडकी बंद करून झोपता येत नाही, तेव्हा काय? दुसरा छोटा दांडा कापून घ्या, असा की शटर जास्तीत जास्त ९ सेंटिमीटर उघडेल. १० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या फटीतून लहान मुलाचं डोकं जाऊ शकतं, म्हणून त्याच्या आतच राहायचं. हवा येते, मूल जात नाही, माणूसही जात नाही. हात आणि काठी मात्र जाते. पहिल्या मजल्यावर आणि तळमजल्यावर असल्या चोऱ्या फार होतात. खिडकीतून काठी घालून चार्जिंगला लावलेला मोबाइल किंवा खुंटीवरची पँट ओढायची. त्यामुळे खिडकीपासून काठीच्या टप्प्यात काही ठेवू नका, घराच्या किल्ल्या तर मुळीच नाही. दरवाज्याशेजारी खिडकी असेल तर त्या खिडकीतून हात घालून दाराची कडी काढता येते का, तेही तपासा. मुलीचा पलंग आणि स्टूल खिडकीपासून लांब ठेवा. चोरापेक्षाही मला त्याची भीती जास्त वाटते.

आता ज्या खिडकीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत ती. बाथरूमची. बहुतेक बिल्डिंगमध्ये तिथे लूव्हरच्या काचा असतात, एकाखाली एक तिरक्या. त्या काचा दोन्ही बाजूंच्या क्लिपमध्ये नुसत्या सरकवलेल्या असतात आणि बाहेरून एकेक ओढून काढता येतात, आवाजही होत नाही. ही खिडकी डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगमधल्या पाइपांच्या उभ्या पोकळीत, उघडते आणि डक्टमध्ये पाइप असतात. म्हणजे चढायला जणू शिडीच. मी दुरुस्तीला गेलेल्या घरफोड्यांमध्ये बाथरूमच्या खिडकीतून आत आलेले बरेच असतात. प्रत्येक काचेच्या दोन्ही टोकांना क्लिपमध्ये सिलिकॉन भरा, ट्यूब स्वस्त आहे. वाळायला एक दिवस द्या, बाथरूम कोरडं ठेवा. नंतर काढायचं झालं तर ब्लेडने कापून निघतं. एक्झॉस्ट फॅनची चौकट नुसती अडकवलेली असेल तर तीही अशीच पक्की करा.

तुम्ही बाहेरही एक फेरी मारा. दिवसा खाली उतरून आपल्या खिडक्यांकडे बघा आणि मनात विचारा, मला चढायचं असतं तर पाय कुठे ठेवला असता. पार्किंगचा छज्जा, मीटर रूमचा स्लॅब, कंपाउंडची भिंत, पावसाच्या पाण्याचा पाइप, एसीच्या बाहेरच्या युनिटचा अँगल. पाय ठेवायला जागा असलेली खिडकी आधी नीट करा, बाकीच्या पुढच्या आठवड्यात केल्या तरी चालतील. खिडकीखाली रोज टेम्पो लागत असेल तर त्याच्या टपावरून पहिला मजला हाताला येतो. तो दुसरीकडे लावायला सांगणं सोसायटीचं काम आहे, सचिवांना सांगा.

ग्रिलचं उत्तर तुमच्या मालकांवर, सोसायटीवर आणि तुम्ही तिथे किती वर्षं राहणार यावर अवलंबून आहे. ग्रिल हाच सगळ्यात मजबूत उपाय, यात शंका नाही. पण बाहेरून लावायचं तर बिल्डिंगचा दर्शनी भाग बदलतो, म्हणून सोसायटीची परवानगी लागते. आणि खर्च तुमचा असेल तर अकरा महिन्यांसाठी तो परवडणारा नाही. मालकांना नीट मांडून सांगितलं तर ते स्वतः लावून देतात असा माझा अनुभव आहे, कारण घर त्यांचं आहे आणि ग्रिल तिथेच राहणार. फक्त एक अट माझी: ग्रिलमध्ये आतून उघडणारा एक दरवाजा हवाच. स्वयंपाकघरात आग लागली, मुख्य दाराकडे जाता येईना, तर तुम्ही आणि मुलगी कुठून बाहेर पडणार? त्याची किल्ली खिडकीतून हात घालून मिळणार नाही, पण आतल्या माणसाला अंधारात सापडेल अशी टांगा.

सध्या फॅशन आहे ती अदृश्य ग्रिल, स्टीलच्या बारीक तारांची. मूल पडू नये म्हणून ती चांगली आहे, चोराच्या कटरपुढे मात्र तिची फारशी मदत नाही. शिवाय तिला चौकटभर भोकं पाडावी लागतात. कबुतराच्या नायलॉनच्या जाळीबद्दल तर बोलायलाच नको, ती कबुतरांसाठीच आहे.

काचेवर लावायची सुरक्षा फिल्म मला भाड्याच्या घरासाठी पटते. काच फुटली तरी तुकडे फिल्मला धरून राहतात, त्यामुळे हात घालून लॉक काढायला वेळ लागतो आणि आवाज होतो. गाडीच्या काळ्या फिल्मसारखी पातळ नको, २०० मायक्रॉनची मागा, आणि ती आतल्या बाजूने लावून घ्या. बाल्कनीच्या दाराला आधी, कारण तिथे मुलगी धावताना आपटण्याचीही भीती आहे. काचेच्या कोपऱ्यात शिक्का कोरलेला दिसला तर काच टफन्ड आहे. ती फुटली तर बारीक तुकडे होतात, साध्या काचेचे मात्र सुरे होतात. शिक्का नसेल तर फिल्म आणखी लवकर लावा.

यजमान रात्रपाळीला असतात म्हणून चुंबकाचे सेन्सर घ्यायला हरकत नाही. शटर हललं की वाजतात, टेपने चिकटतात, बॅटरीवर चालतात. पण ते दांडा आणि पट्टीच्या जोडीला, त्यांच्या जागी नाही. सेन्सर वाजला तर खिडकीकडे जाऊ नका. मुलीला घेऊन आतल्या खोलीत कडी लावा आणि ११२ ला फोन करा. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना आधीच सांगून ठेवा, की मी रात्री फोन केला तर दिवे लावून जोरात आवाज द्या.

आता मालकांचं. ते भिंतीच्या भोकाला नाही म्हणालेत आणि वर सांगितलेल्यापैकी जवळजवळ कशालाच भिंतीत भोक लागत नाही. तरी न सांगता करू नका. आपल्याकडे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. त्यात बहुतेक वेळा परवानगीशिवाय बदल करायचा नाही असं कलम असतं, ते काढून वाचा. लॉक आणि काचा कोणी दुरुस्त करायच्या हेही त्यातच बघा. केंद्राने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा तयार केला, त्याच्या यादीत दारं-खिडक्यांची लॉकं, काचा आणि माशांच्या जाळ्या बदलणं भाडेकरूकडे दिलं आहे. तुमच्यापुरता मात्र तुमचा करारच महत्त्वाचा. निकामी लॉकचा खर्च मालकांकडे मागायचा असेल तर "हे माझं काम नाही" असं भांडून मागू नका. व्हॉट्सॲपवर फोटोसकट लिहा:

"काका, बेडरूमच्या बाहेरच्या शटरचं लॉक लागत नाही, व्हिडिओ पाठवते आहे. त्याच खाचेत त्याच मापाचं नवीन बसवायचं आहे, भोक पाडायचं नाही. जुनं लॉक जपून ठेवते. चालेल ना?"

उत्तर आलं की तो मेसेज जपून ठेवा. डिपॉझिट परत घेताना तोच उपयोगी पडतो. कामाआधी प्रत्येक खिडकीचे फोटोही काढून ठेवा.

शेवटचं काम, सगळं बसवून झाल्यावरचं. एका संध्याकाळी घरातले सगळे दिवे बंद करा आणि बाल्कनीच्या दाराचा दांडा काढून दार उघडून बघा. तुम्हाला जमलं पाहिजे, यजमानांना जमलं पाहिजे, आणि घरी आई-वडील राहायला येत असतील तर त्यांनाही. चाचपडत वेळ जात असेल तर दांड्याच्या टोकाला लाल दोरीचा फास बांधा, ओढला की निघेल असा. मुलीला दोरी दिसणार नाही अशी ती पडद्यामागे सोडा.